चारपैकी चार

तांता, ८ फेब्रुवारी, रविवार

आणि वर तूच मला विचारतेस, निहाल कुठे आहे म्हणून. करून सवरून नामानिराळी. नऊ वर्षांत एक ओळ नाही, थोरली बहीण मेली का जिवंत याची चौकशी नाही, आणि आता दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या हाती चिठ्ठी. तीही मारसेलनं कधी द्यावी, तर माझ्या तोंडात कापसाचे दोन बोळे असताना. म्हणजे मला तुला शिवीसुद्धा घालता येऊ नये.

चिठ्ठी सात ओळींची. वर 'अब्ला' लिहिलंस, लहानपणी हाक मारायचीस तसं. तेवढं वाचून मी वेडी खुर्चीतून उठायला गेले. मारसेल म्हणाली, "हलू नका बाई, सुई आहे हातात." पुढे वाचलं तर काय, निहाल नावाच्या वकीलबाईला ऑक्टोबरात तूच माझ्याकडे धाडलं होतंस. तिनं भरलेला फॉर्म तुझ्या ऑफिसात पोचला. त्यानंतर तिचा फोन लागत नाही. तुला काही कळलंय का.

मैसा, हे तू मला आत्ता सांगतेस.

तुझं ऑफिस काय करतं ते मारसेलनं कापूस काढल्यावर समजावलं. मास्तर पोरांना देतो तसे तुम्ही देशांना मार्क देता. पेपरवाल्यांना लिहू देतात का, माणसाला तोंड उघडू देतात का, कुणाला उचललं तर का उचललं हे विचारता येतं का. त्यासाठी इथल्या लोकांना प्रश्न विचारता, वकिलांना, वार्ताहरांना. आणि तुला सुचलं की एक पेपर विकणारी बाईपण हवी. सुचलं ते सुचलं. आधी निरोप नको धाडायला?

ऑक्टोबरात सय्यद पिराच्या उरुसाचा आठवडा होता. स्टेशनात मुंगी शिरायला जागा नाही. जो उतरतो तो फुटाण्याचं दुकान कुठे म्हणून विचारतो, पेपर कुणाला हवाय. त्यात ही आली. तिशीची असेल, सपाट बूट, काळी पर्स छातीशी धरलेली. म्हणते, "खाला, तुमच्या ओळखीच्या एका माणसानं तुमचं नाव दिलंय. दहा मिनिटं बोलायचं होतं. आपल्याकडे बोलायची मोकळीक किती आहे, त्याबद्दल."

म्हटलं, "कोण ओळखीचं?"

"ते नाही सांगता येणार. तुमच्याच भल्यासाठी."

आता तूच सांग, याच गावात वाढलीस ना तू? ओळखीचा पण नाव नसलेला माणूस, आपलंच भलं, आणि मोकळीक किती हा प्रश्न, हे तिन्ही एका पर्समध्ये घालून आपल्याकडे कोण येतं? वरून धाडलेली माणसं येतात, कोण काय बोलतंय ते चाचपायला. आपल्या गल्लीतल्या रगब न्हाव्याला असंच एका गिऱ्हाइकानं विचारलं, भाकरी महाग झाली नाही का हो. रगब हो म्हणाला. चार महिने दुकानाला कुलूप होतं.

मग मी जे कुणीही करेल ते केलं. ती शून्य ते चारमधला आकडा सांगा म्हणाली. शून्य म्हणजे मोकळीक अजिबात नाही, चार म्हणजे पुरेपूर.

"सरकारबद्दल वाईट बोलायला लोकांना मोकळीक आहे?"

"चार."

"छापलेला पेपर कधी अडवला जातो? एखादं पान काढून घेतलं जातं?"

"कधीच नाही. चार."

"स्टॉलवर पोलिसांच्या माणसांची ये-जा असते?"

"कसले पोलीस? चार. तुझ्याकडे चारच्या वरचा आकडा आहे का गं? असला तर तो लिही."

ती हसली, पण लिहिलं चारच. शेवटी सगळं मला वाचून दाखवलं. मी म्हटलेला शब्द न् शब्द, ना एक कमी ना एक जास्त. वाचता वाचता एकदा माझ्या बोटांकडे बघितलं. मग कागद पुढे केला. नाव घालू नका म्हणाली, हवी तर एखादी खूण करा. माझ्यापुढे कागद आला की हात शिक्क्याकडे जातो, ही पंचवीस वर्षांची खोड. न खपलेला पेपर परत धाडायचा तर प्रत्येकावर स्टॉलचा शिक्का आणि तारीख मारावी लागते. मारला ठप्पकन. १४ ऑक्टोबर.

तीन दिवसांनी तिला घरातून उचलून नेलं. तेव्हापासून कोठडीत आहे. दर पंधरा दिवसांनी कोर्टात आणतात, आणखी पंधरा दिवस वाढवतात आणि परत नेतात. कुणी चुगली केली मला माहीत नाही. स्टेशनात हजार डोळे असतात. तू धाडलंस, तिनं तुझं नाव लपवलं, ती गेली. यात माझा काय संबंध?

मारसेल शनिवारी लेकीकडे जर्मनीला, तुमच्याकडे, निघतेय. तिच्याबरोबर हे धाडते. टपालात टाकलं तर तुझ्याआधी दुसरेच वाचतील.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज स्टॉलवर एक बाई आली. सत्तरीची, काळा अबाया, गुडघे गेलेले. सरकारी पेपर घेतला, तिथंच उभं राहून शेवटपासून पहिल्या पानापर्यंत चाळला आणि घडी घालून परत ठेवला. म्हटलं, "अम्मा, वाचून झालेला पेपर परत घेत नसतात." ती म्हणाली, "माझ्या लेकीचं नाव येतं का ते बघते. रोज वेगळ्या स्टॉलवर बघते, म्हणजे कुणी ओरडत नाही."

निहालची आई. कौसर नाव. लोखंडी स्टुलावर बसवलं, चहा मागवला. तिनं तीन चमचे साखर घातली आणि प्यायलीच नाही.

सांगत होती, वकिलानं आता फाइल बघितली. निहालवर खोट्या बातम्या पसरवल्याचा, देशाची बदनामी केल्याचा आरोप आहे. २५ तारखेला, बुधवारी, खटल्याची तारीख. घराची झडती घेतली, गादीतला कापूस उपसला, पण फॉर्मचा एक चिटोरा मिळाला नाही. आदल्या दिवशीच सगळे फॉर्म देशाबाहेर गेले होते. त्यांच्या हातात एवढंच आहे, एका पेपरवालीची जबानी. निहालनं तिला पढवलं म्हणे, की म्हण, लोक घाबरून आहेत, म्हण, पेपरांची पानं फाडतात, मी तसं लिहून बाहेर धाडते. कौसर म्हणाली, "माझी निहाल भांडखोर आहे, उद्धट आहे, स्वयंपाक येत नाही. पण दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालणारी नाही. लहानपणी निबंधसुद्धा कुणाकडून लिहून घेतला नाही, नापास झाली."

मग माझ्याकडे बघत म्हणाली, "ती पेपरवाली तुम्हीच का?"

मी म्हटलं, "नाही. स्टेशनवर तीन स्टॉल आहेत."

"दोघांवर पुरुष बसतात."

"मग बसस्टँडवरची असेल."

ती हळूहळू उठली. जाता जाता म्हणाली, "ती बाई भेटली तर सांगा, मी भांडायला आले नव्हते. फक्त तिनं एकदा माझ्याकडे बघावं, एवढंच होतं."

मी बघितलं नव्हतं मैसा. ती बोलत होती तोवर मी चहाच्या पेल्याकडे बघत होते.

११ फेब्रुवारी, बुधवार

रविवारचं वाचून काढलं आज. फाडणार होते. नाही फाडत, राहू दे तसंच. त्यातला शेवटचा भाग खोटा आहे हे तुला कळू दे. चुगली कुणी केली, म्हणे मला माहीत नाही. मीच केली.

शहाताला ओळखतेस तू. साध्या कपड्यातला पोलीस, तुझ्या वेळेला नवीन आला होता, मिशी होती. आता मिशी नाही आणि गुडघा दुखतो. रोज सकाळी सातला स्टॉलवर येतो, फुकट पेपर वाचतो, आधी फुटबॉल, मग बाकीचं. मी कधी मक्केचं तोंड बघितलं नाही, तरी मला हाज्जा म्हणतो. त्या दिवशी निहाल गेली आणि मी घाबरले. वाटलं, ही वरची बाई असणार. मी चार-चार म्हटलं ते हिनं मानलं का? आणि अशी बाई येऊन गेली हे मी कळवलं नाही, तर उद्या म्हणतील, लपवलं. शहाता सांगेल, मला हाज्जा काही बोलली नाही. मग मीच आधी बोलले.

म्हटलं, "शहाताचाचा, एक बाई आली होती. मोकळीक किती आहे विचारत होती. मी सगळं चांगलंच सांगितलं, चारपैकी चार."

तो फुटबॉलच्या पानातून वर बघेना. म्हणाला, "तुमच्यातलीच असेल, नाही तर आमच्यातली."

"तुमच्यातली आहे का?"

"मला कोण सांगतं हाज्जा. मी कुणाला नेत नाही, मी फक्त वर कळवतो. नाव काय म्हणालीस?"

नाव तिनं सांगितलं होतं. वकील आहे, कोर्टासमोर ऑफिस आहे, हेही सांगितलं होतं. सगळं सरळ सांगितलं होतं तिनं, तुझं नाव सोडून. शहाताची माणसं कधी नाव सांगतात का? इतकी साधी गोष्ट मला कळायला नको होती? पण भीतीत असलेल्या माणसाला खरं बोलणारा हाच आधी खोटा वाटतो, बाकीच्यांची सवय झालेली असते.

तिला नेल्याच्या दुसऱ्या दिवशी मला ठाण्यात बोलावलं. शिक्का घेऊन ये म्हणाले. कागद तयार होता, बारीक अक्षरात. साहेब म्हणाला, "वाचता येत नसेल, राहू दे, इथं सही कर." मला वाचता येतं हे तुला माहीत आहे. तिसरीतून काढलं मला, पण पेपरांची नावं बघत बघत शिकले, मग मथळे, मग खालचं. बारीक अक्षराला वेळ लागतो एवढंच. मी सगळं वाचलं. निहालनं मला पढवलं असं लिहिलं होतं. वाचून झालं तरी मी वाचत असल्यासारखी बसून राहिले. मग सही केली आणि शिक्का मारला. १८ ऑक्टोबर.

मारहाण नाही, दमदाटी नाही. साहेबानं पाणीसुद्धा विचारलं. मला वाटतं, एक थोबाडीत बसली असती तर आज हे लिहायला सोपं गेलं असतं.

गेल्या महिन्यात शहातानं पहिल्या पानावरचं मोठ्यानं वाचून दाखवलं. परदेशी संस्थेनंही मान्य केलं, आपल्या देशाचे गुण दोननं वाढले. म्हणाला, "बघ, तुझे चार लागले कामी." चेष्टा करत होता. एका पेपरवालीच्या शिक्क्यानं देश वर चढत नाही, एवढं मलाही समजतं. पण तो पेपर त्या दिवशी मी एकशे चाळीस विकला, हातानं घडी घालून. आणि ज्या कागदांवरून हे मिरवतात, तेच कागद तुझ्या ऑफिससाठी गोळा केले म्हणून ती आत आहे.

निहालनं माझ्या बोटांकडे का बघितलं, तेही लिहिते. तुला सांगायची गरज नाही, तरी लिहिते. त्या सकाळीही मी पान काढलं होतं. गावाकडची आवृत्ती कैरोत आधी छापतात, मोटारी लांब यायच्या म्हणून. मग वरून फोन जातो, राजधानीच्या आवृत्तीतून ती बातमी उडते, पण आपले गठ्ठे तोवर वाटेला लागलेले असतात. मग सातला शहाता येऊन सांगतो, आज पाच नंबरचं पान. मी प्रत्येक पेपरातून तो जोडकागद ओढून काढते आणि उरलेलं परत नीट घालते. शाई ओली असते, बोटं काळी होतात. गिऱ्हाइकं पेपर हातात घेऊन वजन बघतात. हलका लागला की एकमेकांकडे बघतात आणि पैसे ठेवून निघून जातात. माझे हात काळे होते मैसा, आणि मी तिला सांगत होते, कधीच नाही, चार.

तुझंही पान मीच काढलं होतं. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. सूतगिरणीच्या बायकांवर तू लिहिलंस, पहिल्यांदा नाव छापून आलं, आणि तुझ्या नशिबानं ते गावाच्या आवृत्तीतच आलं. शहाता म्हणाला, आज सात नंबर. मी बघितलं, खाली तुझं नाव. दोनशे दहा पेपरांतून काढलं. संध्याकाळी तू स्वयंपाकघरात आलीस तर मी त्याच कागदावर तळलेले तामियेचे वडे काढत होते, तेल निथळायला. तू कागद उचललास, तेलातून आपलं नाव वाचलंस. मी म्हटलं, "मग काय करू, कागद आहे तो." पुढच्या महिन्यात तू गेलीस.

त्यातला एकही मी ठेवला नाही. एक ठेवला असता तर आज सांगायला बरं वाटलं असतं. नाही ठेवला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मारसेलकडे जाऊन आले. दात बरा आहे. तिला विचारलं, मैसाकडे माझा तो फॉर्म असेल का? ती म्हणाली, असणारच, पण त्यांचा नियम आहे, कुणी काय सांगितलं ते बाहेर देत नाहीत, मेलं तरी. माझ्यासारख्यांना सांभाळायला केलेला नियम आहे म्हणे.

तर ऐक. मला तो फॉर्म हवाय. निहालनं स्वतःच्या अक्षरात लिहिलेला, खाली माझा शिक्का, १४ ऑक्टोबर. त्यात सगळीकडे चार आहेत. वाईट बोल म्हणून पढवणारी बाई चार कशाला लिहील? मी खोटं बोलत होते, तिला बोटांवरून दिसत होतं, तरी तिनं एक आकडा खाली आणला नाही. तो कागद आणि ठाण्यातला कागद न्यायाधीशासमोर शेजारी शेजारी ठेवले की आंधळ्यालाही कळेल. शिक्का एकच, बाई एकच, चार दिवसांचं अंतर आणि दोन तोंडं. खोटी कोण ते मी उभी राहून सांगते. आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं आता तिच्या कामी येईल, दुसरं माझ्याकडे काही नाही.

गुपित माझं आहे. मी ते सोडतेय. हे पत्र तुझ्या ऑफिसात दाखव, खाली शिक्का मारलाय. नियम मला सांभाळायला असेल तर म्हणावं, तिला नको आहे सांभाळायला.

वकिलाला अजून भेटले नाही. उद्या मारसेलला सोडून तशीच जाईन. कौसरकडेही जायचंय. तिच्याकडे बघायचंय, ते कोर्टापेक्षा अवघड वाटतंय. खोट्या जबानीबद्दल मला काय होईल ते मारसेलला विचारलं नाही, ती दातांची डॉक्टर आहे. स्टॉलचा परवाना जाईल. आतही टाकतील. शहाताला फुकट पेपर दुसरीकडे शोधावा लागेल.

आणि तुझ्या मार्कांचं म्हणशील तर ते दुरुस्त कर. तू जे विचारलं होतंस त्याची उत्तरं परत लिहून घे, आता खरी सांगते.

सरकारबद्दल वाईट बोलायला मोकळीक आहे का? शून्य.

पान काढतात का? काढतात. मी काढते. शून्य.

स्टॉलवर पोलिसांचा माणूस येतो का? येतो, त्याचा चहासुद्धा मीच मागवते. शून्य.

एक प्रश्न तिनं शेवटी विचारला होता, तो मी रविवारी लिहिला नाही. "खाला, मनात येतं ते घरच्या माणसांशी तरी बोलता का?" तेव्हाही मी चार म्हटलं होतं. घरात कुणी नाही, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, बहीण तू. तिथं एक लिही. शून्य नको, कारण हे पत्र मी लिहिलंय.

मारसेल २३ तारखेला, सोमवारी परत येते. दुपारच्या गाडीनं तांत्याला उतरेल, मी फलाटावर असेन. तिच्या पर्समध्ये तो फॉर्म असला पाहिजे, नक्कल नको, शिक्क्याचा मूळ कागद. नाही द्यायचा असेल तर नाही असं तुझ्या हातानं लिहून दे, मला आशेवर ठेवू नको. बुधवारी सकाळी दहाला मी कोर्टात जाणार ते जाणारच, कागद असो नसो. नुसती मी गेले तर म्हणतील, बाई आज एक बोलते उद्या एक बोलते, हिचं काय ऐकायचं. आणि ते बरोबरच म्हणतील. म्हणून कागद लागतो.

सोमवार. त्यापुढे नको.

अवातिफ